एष्टु आळ?

माझी अक्का भोपाळला असते हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. हबीबगंजला तिचं घर. तिथल्या स्टेशनचं नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती झालं, पण रिक्षावाल्याला नुसतं "हबीबगंज" म्हटलं की तो अजून पुढचं काही विचारत नाही. ज्यांच्या घरी येणाऱ्या टपालावर स्वतःच्याच गावाचं नाव दोन-तीन परींनी लिहिलेलं असतं, त्या आपल्या वाचकांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

मे महिन्यात गोवा एक्स्प्रेसनं मी तिच्याकडं गेले. बरोबर अक्कासाठी कुंदा आणि भावोजींसाठी गोकाकचा करदंट. भावोजी मूळचे गोकाकचे, घरी कन्नड. आमचं माहेर बेळगावचं, मराठी. १९७२ च्या सुमाराला ते भोपाळच्या 'भेल'मध्ये लागले आणि २००९ साली तिथूनच निवृत्त झाले. पन्नास वर्षं हिंदी मुलखात काढूनही त्या घरात अजून निम्मं वाक्य मराठी आणि निम्मं कन्नड असतं. भाचा आईला 'आई' म्हणतो आणि वडिलांना 'अप्पा'.

पिशवी ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर फ्रिजवर एक मोठं खोकं. वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. "हे काय गं?" म्हणून विचारलं, तर अक्कानं तोंडावर बोट ठेवलं आणि बाहेरच्या खोलीकडं डोळ्यांनी खुणावलं. बाहेर भावोजी फोनवर मुलाशी बोलत होते. "हो हो, बसवलंय की. छान चाललंय. अगदी तळ दिसतो बघ," असं त्यांचं चाललं होतं.

जे बसवलंय म्हणून सांगत होते ते फ्रिजवर होतं.

त्याची हकीकत अशी. भावोजींना गळ टाकून मासे धरायचा नाद लहानपणापासूनचा, घटप्रभेच्या काठचा. भोपाळला त्यांच्याकडं बारा फुटांची एक फायबरची सपाट बुडाची होडी आहे, जुनी घेतलेली. पूर्वी तिला मागं छोटी मोटार होती. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठानं भोज पाणथळीत क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायचा आदेश दिला. बडा तलाव म्हणजे शहराच्या पिण्याचं पाणी, २००२ पासून रामसर यादीतली पाणथळ. भावोजी म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं, आपणच पितो ते पाणी." मोटार विकली आणि वल्ही घेतली. होडी मुळात तिथं नसतेच. शहरापासून तासाभराच्या वाटेवर एक धरण आहे, तिथं एका नाववाल्या चाचांच्या झोपडीपाशी ती पालथी घालून ठेवलेली असते. रीतसर परवानगी काढून भावोजी महिन्यातून दोन-तीनदा जातात.

गेल्या नोव्हेंबरात संध्याकाळी परतताना होडी पाण्याखालच्या झाडाच्या बुंध्यावर आपटली. धरणाच्या पोटात जुनी शेतं, जुनी झाडं असतातच. होडी कलली आणि भावोजी पाण्यात पडले. चष्मा गेला. चाचांनी दुसऱ्या नावेतून येऊन वर ओढून काढलं. लाइफ जॅकेट होतं, पण होडीत, बसायच्या फळीवर उशी म्हणून.

भाच्याला हे पंधरा दिवसांनी कळलं, तेही अक्काच्या तोंडून. तो बेंगळुरूला असतो. त्यानं दोन दिवस फोन उचलला नाही आणि मग जानेवारीत अप्पांच्या पंचाहत्तरीला हे खोकं पाठवलं. बरोबर निरोप: एक तर हे होडीला बसवा, नाही तर होडी विका. खोक्यात पडद्याचं यंत्र, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणारा फिश फाइंडर, आणि त्याचा ट्रान्सड्यूसर. किंमत मी लिहीत नाही. अक्काला ती अजून खरी सांगितलेली नाही.

"मग बसवलं का नाही?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावोजींना विचारलं. ते मला 'टीचर' म्हणतात, मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं म्हणून. म्हणाले, "टीचर, त्याला होडीच्या बुडाला दोन इंचाचं भोक पाडावं लागतं. भोक पाडून होडी सुरक्षित होते, हे तुम्ही मला फळ्यावर काढून दाखवा."

मग आम्ही खोकं उघडलं.

ट्रान्सड्यूसर हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. आपल्या स्वयंपाकघरात गॅसचा लायटर असतो ना, खटका दाबला की ठिणगी उडते, त्याचाच हा भाऊ. लायटरच्या आत एक छोटा स्फटिकासारखा तुकडा असतो. त्यावर आघात केला की त्यात वीज तयार होते. हा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिला. उलटंही घडतं. तुकड्याला वीज दिली की तो थरथरतो आणि आवाज करतो, आपल्या कानाला ऐकू न येणारा. ट्रान्सड्यूसर पाण्यात असा एक आवाज सोडतो, गप्प बसतो, आणि तळाला आपटून आलेला प्रतिध्वनी अंगावर घेऊन त्याची पुन्हा वीज करतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो. म्हणजे दहा फूट खोल तळ असेल तर जाऊन यायला सेकंदाचे दोनशे पन्नास भाग केले तर त्यातला एक भाग. यंत्र तेवढा वेळ मोजतं आणि खोली सांगतं. १९४८ साली जपानमध्ये फुरुनो भावांनी हे तंत्र मच्छीमारांच्या हाती दिलं, तेव्हापासून ते चाललंय. पडदे रंगीत झाले, आतलं गणित वाढलं, पण पाण्याला कान लावतो तो हाच तुकडा. म्हणून जाणकार सांगतात, पडदा लहान घ्या हवा तर, ट्रान्सड्यूसर मात्र नीट निवडा.

भाच्यानं पाठवलेला होता पितळी रंगाचा, ब्राँझचा, चांगला किलोभराचा. मुठीत मावणार नाही एवढी टोपी आणि तिच्यामागं आट्यांचा दांडा. दांडा बुडाच्या भोकातून आत घ्यायचा आणि वरून नट आवळायचा. वस्तू उत्तम. गोव्याकडं किंवा कारवारकडं कुणाची मोठी फायबरची बोट असती तर मी म्हटलं असतं, घ्याच. पण ही होडी प्रत्येक वेळी चिखलावरून ओढत काठावर आणतात. बुडाखाली तो ब्राँझचा गोळा राहिला की पहिल्याच दगडाला अडकणार, आणि भोकाभोवतीचं फायबर फाटणार.

चष्मा लावून मी त्याच्यावरची अक्षरं वाचली, तेव्हा दुसरी गोष्ट कळली. त्यावर '२०°' असं कोरलेलं होतं. भाच्याला फोन करून सहज विचारलं (बसवलंय हे गृहीत धरूनच, खोटेपणात मीही सामील झाले), "हे वीस कशाचं रे?" तो म्हणाला, "मावशी, शून्य, बारा आणि वीस असे तीन होते. मी सगळ्यात चांगला घेतला."

वाचकहो, ते वीस म्हणजे गुण नव्हेत. मोठ्या वेगाच्या बोटींचं बूड नांगराच्या फाळासारखं उतरतं असतं. अशा उतरत्या बुडात ट्रान्सड्यूसर बसवला तर त्याचं तोंड बाजूला वळणार. म्हणून आतला तुकडाच तिरका बसवून देतात, बुडाचा उतार जेवढा तेवढा. बूड वीस अंशांनी उतरतं असेल तर वीस अंशांचा, म्हणजे तोंड सरळ खाली येतं. भावोजींची होडी ताटासारखी सपाट. तिला हा वीस अंशांचा लावला असता तर त्यानं आयुष्यभर तिरकं बघितलं असतं. तीन मीटर खोल पाण्यात त्याची नजर होडीच्या खालून मीटरभर बाजूला पडली असती, आणि तिरका गेलेला आवाज परत यायचाही धड नाही. ज्या दुकानानं हे विकलं त्यानं बोट कोणती एवढंही विचारलं नव्हतं.

आवाजाच्या पट्टीचंही असंच. ब्राँझचा तो ५० आणि २०० किलोहर्ट्झचा होता. ५० चा आवाज जाड, खोलवर जाणारा. खोल समुद्रासाठी तो लागतोच, कारण खारं पाणी बारीक आवाज लवकर गिळतं. २०० चा बारीक. उथळ पाण्यात तो जास्त स्वच्छ दाखवतो, एकमेकांजवळचे दोन मासे वेगळे दाखवतो. भावोजींच्या धरणात भर पावसाळ्यानंतरही ते जिथं बसतात तिथं तीस-पस्तीस फुटांहून जास्त पाणी नसतं. तिथं ५० चा उपयोग शून्य.

आणि शंकू. हे मी खरंच कागदावर काढून दाखवलं. आवाज टॉर्चच्या उजेडासारखा पसरत खाली जातो. शंकूचा कोन बारा अंश असेल तर तळावर पडणाऱ्या गोलाची रुंदी खोलीच्या साधारण पाचवा भाग. वीस अंश असेल तर तिसऱ्या भागाहून थोडी जास्त. साठ अंश असेल तर खोलीपेक्षाही जास्त. भाच्याच्या ट्रान्सड्यूसरचा २०० वरचा कोन होता बारा अंश. दोन मीटर पाण्यात तो बघणार किती? बेचाळीस सेंटिमीटरचा गोल. अक्काची कणीक मळायची परात त्याच्याहून मोठी आहे.

भावोजी बराच वेळ त्या कागदाकडं बघत होते. मग त्यांनी जे विचारलं ते मला आधीच सुचायला हवं होतं. "टीचर, हा खाली बघतो. बुंधा तर पुढं होता."

खरं होतं. होडीखाली परातीएवढं बघणारं यंत्र समोरचा बुंधा दाखवणार नाही. दाखवेल तेव्हा आपण त्याच्यावर चढलेले असू. रुंद शंकूचं घेतलं तरी फार तर मीटर-दीड मीटर आधी कळेल, तेही पडद्यावर डोळा असला तर. पुढं बघणारे ट्रान्सड्यूसर आता निघालेत, पण त्यांच्या किमतीत भावोजींच्या होडीसारख्या कितीतरी होड्या येतील. भाच्यानं बापाच्या काळजीनं पैसे घातले होते, आणि ज्या काळजीनं घातले त्या कामाचं ते यंत्रच नव्हतं.

मी म्हटलं, "त्याला सांगून टाकू."

"नको," भावोजी म्हणाले. "त्याला वाईट वाटेल. आणि मग तो म्हणेल, होडी विका." एवढं बोलून ते अंगणात गेले आणि झाडांना पाणी घालत बसले. आदल्या दिवशी अक्कानं घातलेलं होतं.

तो दिवस तसाच गेला. संध्याकाळी अक्का मला तलावावर घेऊन गेली. वाटेत तिनं २००९ सालची आठवण सांगितली. त्या उन्हाळ्यात बडा तलाव आटून अगदी थोडा उरला होता. सरकारनं आणि लोकांनी मिळून श्रमदान काढलं. भावोजी त्याच वर्षी निवृत्त झालेले. दोघंही घमेली घेऊन गाळ उपसायला जात. "ह्यांनी तळ स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय," अक्का म्हणाली, "भेगा पडलेला. त्या दिवसापासून तळ्यावर आले की विचारतात, एष्टु आळ?"

एष्टु आळ, म्हणजे किती खोल. आपल्या दोन भाषा एकमेकींच्या घरात शिरून कशी गंमत करतात बघा. कन्नडात 'आळ' म्हणजे खोली. मराठीत आळ घेतात तो वेगळा. कन्नडात 'गाळ' म्हणजे मासे धरायचा गळ; मराठीत गाळ म्हणजे तळाचा चिखल, ज्याला कन्नडात 'हूळु' म्हणतात. लग्न नवीन असताना भावोजी म्हणाले होते, "गाळ घेऊन येतो," आणि अक्कानं अंगणात जुनं पोतं पसरून ठेवलं होतं, चिखल ठेवायला. खोली मोजायचं जुनं माप मात्र दोन्हीकडं एकच: दोन हात पसरले की मराठीत वाव आणि कन्नडात मारू. फुलवालीकडं मारूनं गजरा घेता, तोच हा मारू.

परत येईपर्यंत अक्कानं ठरवलं होतं. भावोजींना सांगितलं, "उद्या फोन मी लावते. तुम्ही बोलायचं. नाही तर मी बोलते, आणि मी बोलले तर किंमतही विचारीन."

फोनवर भावोजी मुलाशी कन्नडात बोलले. अवघड बोलायचं असलं की त्या घरात भाषा बदलते, हे मी पूर्वीही पाहिलंय. खोकं उघडलं नव्हतं हे सांगितलं. भोकाचं, तिरक्या तुकड्याचं, परातीचं सगळं सांगितलं. पलीकडं शांतता. मग भाचा मला म्हणाला, "मावशी, म्हणजे मी चार महिने अप्पा सेफ आहेत म्हणून झोपत होतो ते उगीचच?"

याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "उगीचच." मग बुंध्याचं बोलणं निघालं. यंत्र त्यासाठी नाही, हे त्याला पटायला वेळ लागला. शेवटी तह झाला. जॅकेट अंगात असल्याशिवाय होडी काठ सोडणार नाही. एकटं जायचं नाही. अंधारायच्या आत परत. हे तिन्ही कबूल असेल तर होडी राहील. आणि यंत्राचा पडदा चांगला आहे तर त्याला साजेसा दुसरा ट्रान्सड्यूसर मागवायचा, तो मी निवडायचा. पैसे भावोजींचे. ते त्यांनी हट्टानं घेतलं आपल्याकडं.

निवडायला तासभर पुरला. पहिली अट, पडद्याच्याच कंपनीचा. पिनांची संख्या आणि खाच कंपनीगणिक वेगळी असते, जोडवायर घालून काही जुळतात पण कटकट कशाला. दुसरी, प्लॅस्टिकचा, होडीच्या मागच्या उभ्या फळीवर बाहेरून लावायचा. त्याला बुडाला भोक लागत नाही आणि दगडाला अडकला तर तो वर उचलला जातो. तिसरी, ८३ आणि २०० किलोहर्ट्झचा, साठ आणि वीस अंशांचा. उथळ पाण्यात रुंद शंकू लावून मासे आहेत का बघायचं, अरुंद लावून तळ बघायचा. किंमत पहिल्याच्या मानानं फारच थोडी. चार दिवसांत आला.

माझ्या मनात होतं की तो होडीच्या आतूनच चिकटवावा. फायबर एकसंध असेल तर आवाज त्यातून आरपार जातो. खालून काही दिसत नाही, काही तुटत नाही. पण चिकटवायच्या आधी एक परीक्षा करतात. पिशवीत पाणी भरायचं, ट्रान्सड्यूसर त्यात ठेवायचा, आणि पिशवी आतून बुडावर दाबून धरायची. बुडाचा पृष्ठभागही ओला हवा, कारण मधे हवेचा पापुद्रा राहिला की आवाज तिथंच मेला. मग होडीबाहेर पाण्यात धरून आलेला आकडा आणि पिशवीतला आकडा जुळतो का बघायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं आणि चाचा होडीत. सगळ्यांच्या अंगात नारिंगी जॅकेटं. अक्का साडीवर जॅकेट घालून अशी बसली होती की मी फोटो काढला आणि तिनं तो पुसायला लावला. बॅटरी म्हणून यूपीएसमधली बारा व्होल्टची छोटी, सात अँपिअर-अवरची. पडद्याला ताशी एक अँपिअरही लागत नाही, सकाळ सहज निघते.

होडीबाहेर पाण्यात धरला: ९ फूट. चाचांनी बांबू घातला: नऊ फूट आणि वर चार बोटं. मधल्या भागात पिशवीत: ९ फूट, पण तळाची रेघ पुसट. मागच्या भागात, जिथं मला चिकटवायचा होता तिथं: काहीच नाही. पिशवी हलवली, पाणी घातलं, पुन्हा दाबली. काही नाही. मी पिना तपासू लागले. भावोजी घसा खाकरून म्हणाले, "तिथं आत प्लायवूड आहे. आपटल्यावर मीच घातलं. वरून मॅट आणि रेझिन लावलं, म्हणून दिसत नाही." लाकडात, फोममध्ये हवेचे पोकळे असतात. आवाज तिथून पुढं जात नाही. सहा महिन्यांपूर्वी त्या आपटण्यानं होडीला जी जखम झाली ती आम्हाला अशी सापडली.

तेव्हा बाहेरूनच. काठावर येऊन भावोजींनी मागच्या फळीवर आधी सागवानाची एक पट्टी चिकटवली आणि ट्रान्सड्यूसरचे स्क्रू त्या पट्टीत घातले. पुढं जागा बदलायची झाली तर होडीला नवं भोक नको. तोंड बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खाली आणि पाण्याला समांतर. मोटारबोट असती तर पंख्याचे बुडबुडे, बुडावरच्या उभ्या पट्ट्या, सगळं टाळून जागा शोधावी लागली असती, कारण बुडबुड्यांतून त्याला काही ऐकू येत नाही. वल्ह्याच्या होडीला ते दुखणं नाही. (मालवण-कारवारकडच्या वाचकांसाठी जाता जाता: अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला ब्राँझचा लावू नका, खाऱ्या पाण्यात दोन धातूंचं भांडण होऊन बोट खाल्ली जाते. आणि लाकडी बोटीच्या बुडातून प्लॅस्टिकचा घालू नका, लाकूड पाण्यानं फुगून त्याला चिरडतं.)

पुढचे दोन दिवस मात्र आम्ही मासे धरले नाहीत. चाचांनी सुचवलं ते केलं. "को खां, मछली कहां भागी जा रही है," ते म्हणाले. "अभी पानी उतरा हुआ है, ठूंठ गिन लो." खरोखर, मे महिन्यात धरणाचं पाणी इतकं खाली गेलेलं असतं की नोव्हेंबरात दिसत नाहीत ते सगळे बुंधे डोकी वर काढून उभे. होडी एकेकाजवळ न्यायची, आणि पडद्याच्या यंत्रात उपग्रहावरून जागा नोंदवायची सोय होती, तिथं एक खूण टाकायची. चाचा नावं सांगत: महुआ, बबूल, आणि एक नुसताच 'भूतवाला'. एकतीस खुणा झाल्या. भावोजी ज्याच्यावर आपटले तो एकविसावा. त्याच्यावर होडीचा निळा रंग अजून लागलेला होता. भावोजींनी त्याच्यावर हात ठेवला, काही बोलले नाहीत. नोव्हेंबरात पाणी चढल्यावर समोरचा बुंधा ट्रान्सड्यूसर दाखवणार नाही, पण पडद्यावर ही खूण असेल. त्या संध्याकाळी एकतीस खुणांचा फोटो भाच्याला पाठवला. त्यानं उत्तरात एक अंगठा पाठवला आणि दहा मिनिटांनी फोन केला. बाप-लेक त्या रात्री मराठीत बोलत होते.

तिसऱ्या दिवशी गळ टाकला. सोळा जूनपासून मध्य प्रदेशात दोन महिने मासेमारी बंद असते, त्यामुळं भावोजींना घाई होती. पडद्यावर जाड रेघ आली की खाली कडक तळ, खडक. आणि पसरट, मऊ रेघ आली की गाळ. आमची, मराठीतला. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, प्रतिध्वनी मुख्यतः तिच्यावरून येतो. मासा शंकूतून पोहत गेला की पडद्यावर कमान उमटते, कारण तो आधी लांब, मग जवळ, मग पुन्हा लांब. पण होडी उभी आणि मासाही उभा असेल तर नुसती आडवी रेघ. पडद्यावर माशाची चित्रं दाखवायची एक सोय असते, ती आम्ही बंदच केली. बुडालेल्या फांदीलाही ती मासा म्हणते. कमानी बऱ्याच दिसल्या. गळाला लागला एक, हातभर लांबीचा रोहू. अक्का म्हणाली, यंत्र नव्हतं तेव्हाही एवढेच लागायचे.

भावोजींनी त्यावर उत्तर दिलं नाही. ते पडद्याकडं बघत होते. अक्कानंच विचारलं, "एष्टु आळ?"

"एरडु मारू," ते म्हणाले. दोन वाव. पडद्यावर ११.८ फूट होतं.

तो ब्राँझचा मात्र माझ्याबरोबर बेळगावला आलाय. दुकानानं परत घेतला नाही, चार महिने उलटून गेले म्हणून. तो आता माझ्या कपाटात आहे: ५०/२०० किलोहर्ट्झ, वीस अंश तिरका, एकदाही पाण्यात न गेलेला. वीस अंशांच्या आसपास उतरत्या बुडाची फायबर बोट कुणा वाचकाकडं असेल आणि खोल पाण्यात जात असेल, तर संपादकांच्या पत्त्यावर कळवावं. आधी बुडाचा उतार मोजा, मग लिहा.